शिसं, पीस आणि दोरा : स्वतःचा जिग बांधताना

जिग बांधायला शिकू पाहणारा नवा माणूस पहिल्यांदा रंगाबद्दल विचारतो. पांढरा बांधू की पिवळा, गुलाबी चालेल का, डोळे रंगवायचे का. हे प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. जिगचं खरं गणित त्याच्या डोक्यातल्या शिशात आणि त्या शिशाला पाण्यात थोपवून धरणाऱ्या पिसांत आहे. जिग वर उचलला जात असताना मासा क्वचित धरतो. बहुतेक वेळा तो खाली येत असताना धरतो. तेव्हा आपला जिग किती सावकाश खाली यायला हवा हे आधी ठरवावं आणि मग रंगाकडे वळावं, असं माझं ठाम मत आहे.

गरी, तंगूस आणि कोळंबीचा तुकडा एवढ्यावर ज्यांचं गरवणं चालतं, त्यांच्यासाठी आधी वस्तूची ओळख. जिगच्या गळाची दांडी डोळ्याजवळ काटकोनात किंवा साठ अंशांत वाकवलेली असते. त्या वाकणावर शिशाचा गोळा ओततात आणि गळाचा डोळा गोळ्याच्या माथ्यातून बाहेर राहतो. तंगूस वरून बांधला जातो, वजन पुढे येतं आणि गळाचं टोक खाली न राहता वर वळतं. खडकांत, बुडालेल्या फांद्यांत जिग कमी अडकतो तो यामुळेच. गोळ्यामागच्या दांडीवर पिसं, केस, लोकर बांधली की झाला जिग.

पिसांनी मासा फसवण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन केलं आहे. ते गळावर लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसं बांधत. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका प्रबंधात अशा बारा नकली माश्यांची, म्हणजे पाण्यावरच्या कीटकांची, कृतीच दिली आहे. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठीचे गळ इतके नटले की त्यांना जगभरच्या पक्ष्यांची पिसं लागू लागली. त्यांतलं एक मानाचं पीस आपल्या सह्याद्रीतलं. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत ठिपके असतात आणि गळावर बांधल्यावर ते माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. हा पक्षी आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि परदेशातले कारागीर पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. या नादाचं टोक २००९ साली दिसलं. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची जुनी कातडी चोरली, ती गळ बांधणाऱ्यांना लागणाऱ्या पिसांसाठी. शास्त्रज्ञांनी दीड शतक जपलेला तो ठेवा होता. त्याचं झालेलं नुकसान वाचून आजही चीड येते.

जिगला यातलं काही लागत नाही, म्हणून तो मला अधिक जवळचा वाटतो.

हा छंद घराघरांत रुजला तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात, क्रॅपी नावाच्या माशामुळे. गोड्या पाण्यातला, चपट्या अंगाचा, चवीला उत्तम असा हा मासा. त्याच्या काळ्या आणि पांढऱ्या अशा दोन जाती आहेत. आजवरचा सर्वांत मोठा नोंदलेला पांढरा क्रॅपी १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड धरणावर मिळाला. त्याचं वजन ५ पौंड ३ औंस, म्हणजे सुमारे २.३५ किलो होतं. क्रॅपीचं तोंड पातळ पापुद्र्याचं, हिसका दिला की फाटणारं. तो बुडालेल्या झाडाझुडपांत थव्याने थांबतो आणि भक्ष्याकडे खालून वर येतो. टेनेसीतलं रीलफूट सरोवर १८११-१२ च्या भूकंपांनी तयार झालं आणि त्यात आजही सायप्रसचे बुंधे उभे आहेत. अशा पाण्यात जड गळ सोडला की तो लाकडात रुतलाच. तिथे एक औंसाचा बत्तिसावा ते आठवा भाग, म्हणजे ०.९ ते ३.५ ग्रॅम वजनाचा जिग लागतो. त्यावर मऊ पिसांचा झुपका असतो आणि तो माशाच्या नाकासमोरून हळूहळू उतरतो. असे जिग झाडांत हरवतातही भराभर. त्यामुळे विकत घेण्यापेक्षा बांधणं लोकांच्या अंगवळणी पडलं.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर याच कुळातला दांडगा भाऊ आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला तो जिग पट्टेवाल्या बास माशासाठी वापरतात. भरती-ओहोटीच्या ओढीत तळ गाठायचा म्हणून त्याचं वजन औंसभर, कधी त्याहूनही जास्त.

आता हत्यारं. गळ धरायला छोटी व्हाइस, दोरा ताणून धरणारी बॉबिन, टोकदार कात्री, गाठ मारायचं साधन आणि गाठीवर लावायला पातळ लॅकर. सुरुवातीला एवढंच घ्या. दोरा १४० डेनिअरचा असावा. मोठ्या जिगला २१० चा. शिशाची डोकी मात्र विकत घ्या. घरी शिसं ओतण्याची घाई अजिबात करू नका. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साच्यात पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो. ते काम उघड्यावर, चष्मा-हातमोजे घालून, मुलांपासून लांब करायचं आणि नंतरच्या वर्षांत करायचं.

पहिला जिग माराबूचा बांधावा. माराबू नावाच्या करकोच्याची पिसं पूर्वी वापरत. आता त्या नावाने मिळतात ती टर्कीची मऊ पिसं. गळाचा बाक व्हाइसमध्ये घट्ट धरा, दांडी आडवी. गोळ्याच्या मागे लगेच दोऱ्याचे चार-पाच वेढे एकावर एक घ्या, म्हणजे दोरा स्वतःलाच आवळतो. मग बाकापर्यंत वेढे नेऊन परत आणा. उघड्या, गुळगुळीत पोलादावर पीस गोल फिरतं. आता पीस बोटं ओली करून सरळ करा. कोरडं माराबू प्रत्येक श्वासाबरोबर उडतं, ओलं झालं की मुकाट बसतं. दांडीच्या लांबीइतकी शेपटी मागे ठेवा, पीस दांडीवर चिमटीत धरा, दोरा चिमटीच्या आतून सैल न्या आणि मग सरळ खाली ओढा. ही एक चाल जमली की निम्मं काम आलं. दोरा तुटण्याच्या जरा अलीकडे थांबायचं, हे बोटांनाच कळतं आणि त्यासाठी थोडे दोरे तुटावेच लागतात. शेपटी लांब झाली तर कात्री लावू नका. टोकं नखांनी चिमटून तोडा. कापलेली कड पाण्यात ताठ राहते आणि पिसाचा जिवंतपणा जातो. नंतर लोकरीचा किंवा शनीलचा धागा गोळ्यापर्यंत गुंडाळा, गाठ मारा, लॅकरचा थेंब द्या.

केसांचं वर्तन वेगळं. हरणाच्या शेपटीच्या बुडाकडचे केस अधिक पोकळ असतात, दोरा आवळला की ते फुलारतात. टोकाकडचे सरळ बसतात. फुलारलेले केस पाणी अडवतात आणि जिग सावकाश उतरतो. म्हणजे त्याच वजनाच्या गोळ्याला केसांची जागा बदलून वेगळा वेग देता येतो. बांधणाऱ्याची खरी कला इथे आहे. दुकानातला जिग हा पर्याय देत नाही.

महाराष्ट्रात सामानाचा प्रश्न येतो. आपल्याकडे हरणाचा केससुद्धा बाळगू नये. कायदा कडक आहे आणि असायलाच हवा. पण बोकडाचे लांब केस चालतात. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं छान कडक असतात आणि अंगावरच्या पिसांच्या बुडाशी जी मऊ लव असते, ती माराबूचं काम करते. साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून डबीत ठेवावीत. लोकर कुठल्याही दुकानात मिळते. रायगडच्या खाड्यांत जिताड्यासाठी किंवा खारफुटीच्या कडेला तांबोशीसाठी क्रॅपीचा नाजूक जिग उपयोगाचा नाही. ओढ जोरात असते, मासा ताकदीचा. मी तिथे १० ते २० ग्रॅमचं डोकं, जाड तारेचा आणि गंज न धरणारा गळ घेतो, केस विरळ लावतो. ओहोटी मंदावली की हलका जिग लावायचा, एवढं पथ्य पाळलं तरी फरक दिसतो.

शिशाबद्दल मात्र गांभीर्याने बोललं पाहिजे. अमेरिकेतल्या लून पक्ष्याच्या पोटात शिशाचा एकच लहान जिग गेला तरी तो मरू शकतो. हंसांचे मृत्यू पाहून ब्रिटनने १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. कॅनडाने १९९७ मध्ये आपल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालची शिशाची वजनं आणि जिग बंद केले. आपल्या तळ्यांवरही बदकं आणि पाणकोंबड्या आहेत, आणि हरवलेला जिग तळाशीच राहतो. जिथे जिग हरवण्याची खात्री आहे तिथे शिसं नेऊ नये, असं मला वाटतं.

पर्याय आहेत आणि ते पुन्हा वेगाच्याच प्रश्नाकडे आणतात. टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं लहान होतं, पाणी कमी अडवतं आणि झपकन खाली जातं. त्याला पिसं थोडी जास्त लावावी लागतात. ते महाग आहे आणि घरच्या शेगडीवर वितळण्यातलं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं. त्याच साच्यातलं कथलाचं डोकं शिशाच्या दोन-तृतीयांशाहूनही हलकं भरतं आणि तसंच सावकाश उतरतं. उथळ तळ्यासाठी मी आता कथलाचीच डोकी वापरतो.