ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ट्रॅक्टरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरात पुस्तकांच्या पानांपेक्षा नटबोल्टचे पाने अधिक. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. अनुभवाने जे थोडे कळले, ते विद्वान प्राध्यापकांपुढे मांडताना संकोच वाटतो. तरी मांडते, कारण ते कळायला आम्हाला साडेसहा हजार रुपये मोजावे लागले.

गोष्ट जून २०२४ मधली. आमचे गाव लातूर जिल्ह्यात. चांगला पाऊस होऊन रान वाफशावर आले होते. वाफसा म्हणजे चिखलही नाही आणि कोरडही नाही, अशी पेरणीजोगी ओल. ती फार दिवस थांबत नाही. नेमका त्या सकाळी आमचा जुना ट्रॅक्टर सुरू होईना. अण्णा बॉनेट उघडून उभे होते आणि मी सीटवर बसून सेल्फ मारत होते. इंजिन गरगर फिरे, पण पेट घेईना. शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी गेली." आणखी दोघांनी माना डोलावल्या. दुपारी अण्णांनी तालुक्याहून नवी बॅटरी आणली. पैसे माझ्या वसतिगृहाच्या खानावळीसाठी ठेवलेले होते. नवी बॅटरी बसवली. इंजिन पुन्हा गरगर फिरले आणि पुन्हा पेटले नाही.

संध्याकाळी मिस्त्री आले. पान्याला हात लावण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर निघतो का?" आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहू लागलो. सायलेन्सर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी पाहिले नव्हते.

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी इंजिनाचे काम समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, डिझेल इंजिनात तो नसतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात हवाच इतकी दाबतात की ती पेट देण्याइतकी तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसेच हे. ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात कोंडली जाते आणि पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: इंजिन वेगाने फिरले पाहिजे, डिझेल पोचले पाहिजे आणि हवा नीट दाबली गेली पाहिजे. दोषाचा शोधही याच क्रमाने घ्यावा.

पहिला प्रश्न, इंजिन फिरते का? नुसता 'टक्' आवाज येत असेल किंवा इंजिन रेंगाळत असेल, तर हेडलाईट लावून सेल्फ मारावा. दिवा अगदीच मंद झाला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि अर्थिंगची जोडणी घासून घट्ट करावी. दिवा लख्ख राहून इंजिन हललेच नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या तारांत शोधावा. आमचे इंजिन जुन्या बॅटरीवरही जोरात फिरत होते. म्हणजे बॅटरी निर्दोष आहे, हे आमच्या कानांना सकाळीच कळायला हवे होते.

दुसरा प्रश्न, डिझेल पोचते का? टाकीत डिझेल आहे, कॉक उघडा आहे, इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली नाही, एवढे आधी पाहावे. मग सेल्फ मारून सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबलेला असतो किंवा नळीत हवा शिरलेली असते. ही हवा काढण्यासाठी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग पंपाजवळ तेच करावे आणि शेवटी नोझलच्या नळ्यांची जोडणी सैल करून सेल्फ मारून हवा काढावी.

तिसरा प्रश्न, हवा नीट दाबली जाते का? तत्त्वज्ञानाच्या तासाला न्यायदर्शनातील अनुमान शिकताना मला ट्रॅक्टर आठवला. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. येथे मात्र पांढरा धूर निघूनही अग्नी नसतो. तो न जळलेल्या डिझेलचा वाफारा असतो. डिझेल पोचले, पण हवा पुरेशी तापली नाही, असा त्याचा अर्थ. एअर क्लीनर चोंदला असेल तर तो साफ करावा. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असतील, तर काम मिस्त्रींचेच.

काही सावधगिरी सांगणे अवश्य आहे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक लावलेला असावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ जोडून ट्रॅक्टर कधीही चालू करू नये. तो गिअरमध्ये असेल तर अंगावर येतो. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये, कारण तो कातडीत शिरतो.

आमच्या सायलेन्सरमधून धूर नव्हता. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या बोल्टभोवती ओलसर धूळ चिकटली होती. त्याखालचा तांब्याचा वॉशर झिजला होता आणि टाकीत डिझेल कमी असल्याने पंप तेथून हवा ओढत होता. मिस्त्रींनी वॉशर बदलला, हवा काढली आणि तिसऱ्या सेल्फला इंजिन पेटले. वॉशरची किंमत चहाच्या कपाएवढी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेरणीला लागलो. पाचपैकी तीन एकर साधले. माळाकडचे दोन एकर सुकले होते, त्यांना पुढच्या पावसाची वाट पाहावी लागली. अण्णा कोणाला दोष देत नाहीत. पण आता ट्रॅक्टर अडला की ते आधी मला हाक मारतात, "माय, धूर बघ."

जुनी बॅटरी अजून घरी आहे. सुटीत गावी गेले आणि वीज गेली, की तिच्यावर दिवा लावून मी अभ्यास करते.