वक्षनिचरा, हृद्‌शस्त्रक्रियोत्तर
हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर छातीत साचणारे रक्त नळीवाटे बाहेर काढण्याची क्रिया. पुण्यातील आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेससारख्या केंद्रांत ती नित्याची आहे. नळीचे बाहेरील टोक सु. २ सेंमी. पाण्याखाली बुडलेले असल्याने हवा उलट आत शिरत नाही. बाटली छातीच्या पातळीखाली ठेवतात. खरा धोका गुठळीने नळी तुंबण्याचा. निचरा एकाएकी थांबला म्हणजे रक्तस्राव थांबला, असे समजू नये. त्याच वेळी रक्तदाब उतरून नीलांतील दाब चढल्यास साचलेल्या रक्ताने हृदय दाबले जात असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी छाती तातडीने पुन्हा उघडावी लागते. नळी बोटांनी दाबून ओढत पिळण्याची जुनी रीत आता नेमाने वापरीत नाहीत. तीमुळे क्षणभर अतितीव्र चूषण होऊन ऊतकांना इजा होऊ शकते. त्याऐवजी नळीला पीळ वा लोंबता वळसा पडू देत नाहीत व दर तासाचा निचरा मोजून नोंदवितात.