वॉटसनची जखम नेमकी कुठे होती?

शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. जॉन वॉटसन मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्याची पलटण त्याच्यासाठी थांबलेली नव्हती. दुसरं अफगाण युद्ध पेटलं होतं आणि पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात शिरली होती. वॉटसनने तिला कंदाहारला गाठलं. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’च्या सुरुवातीलाच हे येतं आणि मुंबईचा उल्लेख तेवढ्यावरच संपतो. तो कुठे उतरला, किती दिवस राहिला, कुणाला भेटला, यातलं काहीही आर्थर कॉनन डॉयल सांगत नाही. पुढे 27 जुलै 1880च्या मैवंदच्या लढाईत वॉटसनच्या खांद्यात जेझैल बंदुकीची गोळी घुसते. त्या लढाईत मुंबई सैन्याचे ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या हिंदी पलटणीही होत्या. त्यांच्यातल्या कुणा शिपायाने हा जखमी गोरा डॉक्टर पाहिला असेल का? असा प्रश्न पडला की बहुतेक वाचक पान उलटतात. काही जण मात्र कागद पुढे ओढतात आणि त्या शिपायाची गोष्ट लिहायला बसतात. या लेखनाला जगभर फॅन फिक्शन म्हणतात.

दुसऱ्याने घडवलेली पात्रं आणि त्याने उभं केलेलं जग घ्यायचं आणि त्यात आपली गोष्ट मांडायची, एवढाच हा छंद. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. कर्णाच्या तोंडून त्याचीच कहाणी सांगणारी ‘मृत्युंजय’ आपण 1967पासून वाचतो आहोत. फरक इतकाच, की महाभारतावर लिहिणाऱ्याच्या दारात व्यासांचे वारस वकिलाची नोटीस घेऊन येत नाहीत. होम्सवर लिहिणाऱ्यांच्या दारात डॉयलचे वारस आले, आणि अनेकदा आले. म्हणूनच या छंदाची नीट ओळख करून घ्यायची तर होम्सभक्तांकडे जावं. त्यांच्याइतका जुना आणि कागदोपत्री इतका शाबूत इतिहास दुसऱ्या कुठल्याच चाहत्यांकडे नसेल.

होम्सचा जन्म एका वार्षिक अंकातला. ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’च्या 1887च्या अंकात ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ छापून आली. किंमत एक शिलिंग. डॉयलला सर्व हक्कांसकट मिळाले 25 पौंड. (आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला 1909मध्ये. सणाच्या निमित्ताने जाडजूड अंक काढायचा आणि लेखकाला बेताचं मानधन द्यायचं, हा रिवाज दोन्हीकडचा दिसतो.) खरी लोकप्रियता आली 1891च्या जुलैपासून, ‘स्ट्रँड’ मासिकात लघुकथा येऊ लागल्यावर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘स्पीकर’ या साप्ताहिकात होम्सचं पहिलं विडंबन अवतरलं. नाव न देता ते लिहिलं होतं जे. एम. बॅरीने, म्हणजे पुढे पीटर पॅन निर्माण करणाऱ्या लेखकाने. 1892च्या मे महिन्यात डॉयलच्याच मित्राने, रॉबर्ट बारने, ‘शर्लॉ कोंब्ज’ नावाचा एक चक्रम गुप्तहेर ‘आयडलर’मध्ये उतरवला. मूळ मालिका सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं.

बॅरीचा पुढचा किस्सा मला फार आवडतो. 1893मध्ये त्याने आणि डॉयलने मिळून ‘जेन ॲनी’ नावाची संगीतिका लिहिली. ती सॅव्हॉय थिएटरात सपशेल आपटली. डॉयलचं सांत्वन म्हणून बॅरीने आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर छोटीशी होम्सकथा लिहून त्याला भेट दिली. तिच्यात दोन लेखक बेकर स्ट्रीटला येतात आणि आमचं नाटक लोक का बघत नाहीत, याचा छडा लावा असं होम्सला विनवतात. त्यांतला एक खुद्द डॉयल. बोलता बोलता खटका उडतो आणि होम्सचा जीव आपल्याच लेखकाच्या हातून जातो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉयलने ‘द फायनल प्रॉब्लेम’ छापून होम्सला राइशेनबाखच्या धबधब्यात लोटलं. बॅरीला आधी कुणकुण होती की त्याने अंदाज बांधला, कोण जाणे. मित्राने मित्रासाठी लिहिलेली एका प्रतीची गोष्ट, मोबदल्यात छदामही नाही! या छंदाचा याहून शुद्ध नमुना दाखवता येणार नाही. डॉयलला ती इतकी आवडली की 1924मध्ये आत्मचरित्रात त्याने ती अख्खी छापली.

चाहत्यांना लिहायला एवढा वाव मिळाला तो डॉयलच्या निष्काळजीपणामुळे, असं माझं मत आहे. होम्स त्याच्या पोटापाण्याचा धंदा होता, जीव मात्र ‘द व्हाइट कंपनी’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत गुंतलेला. त्यामुळे मागे काय लिहिलं हे उघडून बघायचे कष्ट तो घेत नसे. वॉटसनच्या खांद्यातली गोळी दुसऱ्या कादंबरीत पायात सापडते आणि पुढे एका कथेत नुसती ‘एका अवयवात’ आहे एवढंच म्हणून वेळ मारून नेली जाते. जॉन वॉटसनची बायको त्याला एकदा ‘जेम्स’ म्हणून हाक मारते. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर पहारा देणारे दोन शीख भेटतात, त्यांची नावं महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान! हे इथल्या वाचकाला लगेच खटकतं. लंडनच्या संपादकाला खटकलं नसावं.

जो प्रेमाने वाचतो, त्याला असल्या फटी दिसतात आणि तो त्या बुजवायला धावतो. जेम्सचा घोळ डोरोथी सेयर्सने 1943मध्ये सोडवला: ‘जॉन एच. वॉटसन’मधला एच म्हणजे हॅमिश, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप, सबब बायको लाडाने बरोबरच बोलत होती. इतकं गंभीर तोंड करून केलेली थट्टा होम्सभक्तांत मुरली ती रोनाल्ड नॉक्समुळे. 1911मध्ये ऑक्सफर्डच्या या तरुण विद्वानाने बायबलच्या जर्मन टीकाकारांची फिरकी घेण्यासाठी होम्सकथांची तशीच चिकित्सा केली आणि आदर्श होम्सकथेचे अकरा भाग ग्रीक नावांनिशी पाडून दाखवले. डॉयलने त्याला पत्र लिहून कळवलं, की या कथांबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा पुष्कळच जास्त माहिती आहे. लेखकाच्या या कबुलीत थोडा संकोच होता आणि बरंच आश्चर्य.

फटींशिवाय डॉयलने आणखी एक घबाड मागे ठेवलं. वॉटसन येता जाता न लिहिलेल्या प्रकरणांचे उल्लेख करत राहतो. सुमात्राचा महाकाय उंदीर हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. शिवाय धबधब्यात ‘मेल्यावर’ होम्स 1891 ते 1894 अशी तीन वर्षं कुठे होता? तिबेट, ल्हासा, इराण, मक्का, खार्टूम अशी चार-दोन वाक्यांत उरकलेली यादी तेवढी मिळते. जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने 1999मध्ये ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ लिहून यातलं तिबेट भरून काढलं. त्यात होम्स मुंबईत येतो आणि किपलिंगच्या ‘किम’मधला हरीचंद्र मुखर्जी त्याचा वॉटसन होतो. दोन लेखकांची पात्रं एकाच आगगाडीत बसवायची, हा चाहत्यांच्या लेखनातला जुना आणि आवडता प्रकार.

आता आर्थर व्हिटेकरची गोष्ट. हा इंग्लंडमधला एक आर्किटेक्ट. 1911च्या सुमारास त्याने एक होम्सकथा लिहून थेट डॉयलकडे धाडली आणि दोघांच्या नावाने छापू या असं सुचवलं. डॉयलने नकार दिला, पण कल्पना पुढेमागे वापरता येईल म्हणून दहा गिनी पाठवल्या. ती त्याने कधी वापरली नाही. हस्तलिखित कागदपत्रांत पडून राहिलं. डॉयल 1930मध्ये गेला. त्यानंतर बारा-एक वर्षांनी घरच्यांना ते सापडलं आणि अप्रकाशित होम्सकथा हाती लागल्याचा गाजावाजा झाला. ऑगस्ट 1948मध्ये अमेरिकेच्या ‘कॉस्मोपॉलिटन’ने ‘द केस ऑफ द मॅन हू वॉज वाँटेड’ डॉयलच्या नावावर छापली. म्हाताऱ्या व्हिटेकरने ही माझी गोष्ट असल्याचं कळवलं, तेव्हा डॉयलच्या मुलाने आधी कायद्याचा बडगा दाखवला. व्हिटेकरकडे कार्बन प्रत होती आणि डॉयलचं पत्रही होतं. हक्क मान्य करावा लागला. 1949मध्ये तो वारला. कुठल्याही हौशी लेखकाला यापेक्षा मोठी शाबासकी मिळाली असेल असं मला वाटत नाही: त्याची नक्कल खुद्द वारसांना अस्सल वाटली.

वारसांचं वागणं यापुढेही गमतीचंच. 1944मध्ये एलरी क्वीनने इतरांच्या होम्सकथा आणि विडंबनं जमवून संग्रह काढला, तो त्यांनी दबाव आणून बाजारातून काढायला लावला. दहा वर्षांनी, 1954मध्ये, धाकटा मुलगा एड्रियन याने जॉन डिक्सन कार याच्या साथीने नव्या बारा होम्सकथांचं पुस्तक काढलं. वॉटसनने नुसती नावं घेतलेली प्रकरणं उचलायची आणि रंगवायची, ही त्याची कृती. म्हणजे चाहत्यांचाच उद्योग, फक्त घराण्याच्या शिक्क्यानिशी.

त्याच काळात न्यूयॉर्कचे ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ दरवर्षी मेजवानीला जमून असलीच शोधपत्रं वाचत. ख्रिस्तोफर मॉर्ली याने 1934मध्ये काढलेली ही मंडळी. 1941मध्ये रेक्स स्टाउटने तिथे मूळ कथांतले पुरावे देऊन सिद्ध केलं, की वॉटसन बाई होता. बसल्या जागी खळबळ उडाली. मौज अशी, की खऱ्या बायकांना या मंडळाचं सदस्यत्व मिळायला 1991 उजाडलं. इकडे ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेच्या चाहत्या बायका मात्र कुणाच्या मेजवानीची वाट बघत बसल्या नाहीत. 1967मध्ये ‘स्पॉकनेलिया’ हे त्यांचं पहिलं हौशी नियतकालिक निघालं. रात्री टंकलेखन करायचं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या आणि टपालखर्चापुरते पैसे घ्यायचे, ही रीत तिथून पसरली. आजचा छंद त्यांच्याच अंगणात वाढला. स्वतःच्या उणिवांवर हसण्याची सवयही त्यांचीच. 1973मध्ये पॉला स्मिथने मेरी स्यू नावाची सर्वगुणसंपन्न पोर रंगवली, अंतराळयानावरचे सगळे अधिकारी जिच्यावर भाळतात. तेव्हापासून लेखिकेने स्वतःलाच नायिका करून गोष्टीत घुसवलं की तिला मेरी स्यू म्हणतात.

2008च्या आसपास हाच व्यवहार ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात एकवटू लागला. तो चालवणारी ना-नफा संस्था 2007ची. जाहिरात नाही, लेखकाला मानधन नाही, संकेतस्थळ सांभाळणारे स्वयंसेवक. 2019मध्ये डब्लिनला त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि आज तिथे एक कोटीहून जास्त कृती आहेत. बीबीसीच्या ‘शेरलॉक’वरच्याच एक लाखाच्या वर. त्या मालिकेच्या 2014मधल्या ‘द एम्प्टी हर्स’ या भागात तर चाहत्यांचं मंडळच दाखवलंय, होम्स कसा वाचला याच्या आपापल्या गोष्टी रचणारं.

यातलं बरंचसं लेखन सुमार असतं. तसं ते असणारच. शिकाऊ गवयाचा रियाज कुणी तिकीट काढून ऐकत नाही. पण तयारीची सोय इथे चांगली आहे. पात्रं आयती असल्यामुळे नवशिक्याला एका वेळी एकच गोष्ट साधायची असते, मग संवाद असोत की कथेचा वेग. छापण्याआधी ‘बीटा’ म्हणजे विश्वासू वाचक मजकूर तपासतो, आणि वॉटसन असं बोलणार नाही, हे तोंडावर सांगतो. होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या घराच्या क्रमांकावरून होम्सवाल्यांचा ‘221बी’ नावाचा एक प्रकार आहे: मोजून 221 शब्दांची गोष्ट, आणि शेवटचा शब्द ‘बी’ या अक्षराने सुरू व्हायला हवा. मराठीत शेवटी ‘ब’ आणून बघा. ‘बरं’वर फार वेळा संपवता येत नाही.

होम्सवर लिहायला आता कुणाची परवानगी लागत नाही. भारतात डॉयलचे हक्क 1980अखेर संपले. अमेरिकेत हक्क शिल्लक असलेल्या शेवटच्या दहा कथांच्या जोरावर वारसदार 2014मध्ये होम्सकथांचे संपादक लेस्ली क्लिंगर यांच्याविरुद्ध लढले, न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांच्यापुढे हरले, आणि उरलेसुरले हक्कही 2023च्या 1 जानेवारीला संपले.

आपल्या मंडळींचं काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मोठा झाल्यावर काय करेल, याचं उत्तर 2017च्या सिनेमाने दिलं, तेही रीतसर हक्क घेऊन; शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भा. रा. भागवतांनाच गोष्टीत आणून. ही खास चाहत्याची खोडी. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतात. बाबूराव अर्नाळकर 1996मध्ये गेले, भागवत 2001मध्ये. म्हणजे अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू 2057च्या 1 जानेवारीला सगळ्यांचे होतील, फाफे म्हणजे फास्टर फेणे 2062च्या. तोवर वहीत लिहून मित्राला वाचायला द्यावं, बॅरीने दिलं तसं. फाफेने धनंजयला गाठून त्याच्या एखाद्या तपासात नाक खुपसलं तर काय होईल, हे मला आत्ताच वाचायचंय.