एकच घडी, कुणी पोहोचले, कुणी निघाले

माद्रिदमध्ये ‘येगार’ म्हणजे पोहोचणे. बुखारेस्टमध्ये ‘प्लेका’ म्हणजे निघणे. दोन्ही क्रियापदे लॅटिनच्या एकाच ‘प्लिकारे’ची लेकरे, आणि त्या ‘प्लिकारे’चा अर्थ होता घडी घालणे, दुमडणे. इटालियन ‘प्येगारे’ आणि फ्रेंच ‘प्लिये’ आजही तोच अर्थ सांभाळून आहेत.

ही रूपे सख्खी वाटत नाहीत, कारण शब्दारंभीचा लॅटिन ‘प्ल’ स्पॅनिशमध्ये ‘य’जवळ गेला, पोर्तुगीजमध्ये ‘श’ झाला आणि रुमेनियनमध्ये टिकला. पावसाचा ‘प्लुविया’ असाच ‘युव्या’, ‘शुवा’ आणि ‘प्लोआये’ झाला. गोव्यात १५१० ते १९६१ राज्य केलेल्या पोर्तुगिजांचे ‘शगार’ याच वाटेने आले. त्याचाही अर्थ पोहोचणे, शिवाय ‘शेगा!’ म्हटले की ‘पुरे!’

पण घडी घालणारा पोहोचला कसा? किनारा आला की खलाशी शिडे गुंडाळतात, हे उत्तर नेहमी सांगतात. मला त्याहून भक्कम वाटतो तो ‘आप्लिकारे’ हा जोडशब्द. अभिजात लॅटिनमध्येच तो जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी वापरत. पुढे उपसर्ग गळला असावा. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची स्त्री पवित्र भूमीच्या यात्रेला गेली. तिच्या प्रवासवर्णनाची हस्तलिखित प्रत १८८४ मध्ये इटलीतल्या आरेत्सो येथे सापडली. त्यात ‘प्लिकारे’ जवळ येण्याच्या अर्थाने आहे, तेही जमिनीवरच्या प्रवासात. एका यात्रेकरू बाईच्या साध्या, बोलीला जवळच्या लॅटिनने भाषाशास्त्राला केवढा मोठा पुरावा दिला!

रुमेनियाचे उत्तर सैनिकी आहे. रोमन सम्राट ट्राजानने इ.स. १०६ मध्ये डाकिया, म्हणजे आजच्या रुमेनियातला प्रदेश, जिंकला; तिथे रोमन छावण्या पडल्या. सैनिकाने तंबूची घडी घातली की तळ हलणार. मराठी वाचकाला हे लगेच पटते, कारण आपल्याकडेही घोडेस्वाराने खोगिरावरचा गाशा गुंडाळला की तो निघालाच. तरीही या तंबूला एगेरियासारखा लेखी साक्षीदार नाही. वाकणे, मग एका दिशेला वळणे, मग त्या वाटेला लागणे, असाही अर्थाचा प्रवास झाला असेल. रुमेनियन माणूस आजही मान झुकवण्यासाठी ‘प्लेका’च वापरतो, त्यामुळे माझा कौल या दुसऱ्या वाटेला.