घासलेल्या रुपयाला बट्टा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कपाटाच्या तळातल्या डब्यांतून राणीछाप रुपये बाहेर निघतात. पाटावर मांडण्याआधी ते चिंचेने, रांगोळीने, हल्ली टूथपेस्टने लख्ख केले जातात. देवीपुढची चांदी उजळ असावी ही भावना रास्तच. पण सव्वाशे वर्षे फारशी न झिजता राहिलेल्या नाण्याचे जेवढे नुकसान बाजारातल्या फिरतीने केले नाही, तेवढे ही दोन मिनिटांची घासाघाशी करते.

नाण्याची प्रत पाहून किंमत ठरवण्याची रीत आपल्याकडे संग्राहकांनी आणलेली नाही. सराफ ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात बंगालमध्ये चालू सालाचा सिक्का रुपया पूर्ण किमतीला जाई. साल जुने झाले की वजन भरत असले तरी त्यावर बट्टा कापला जाई. यावर कंपनीने अफलातून तोड काढली. दुसऱ्या शाह आलमचे एकोणिसावे राज्यवर्षच रुपयावर गोठवून टाकले. पुढे कितीही वर्षे लोटली तरी नाण्यावरचे साल तेच! १८३५ साली कंपनीच्या मुलुखात एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९०६ च्या नाणे कायद्याने झिजेलाही हद्द घातली. ठरलेल्या वजनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट आलेला रुपया कायदेशीर चलन उरत नसे. ही घट जेमतेम पाव ग्रॅमची.

संग्राहकाला मात्र वजनाच्या आधी चेहरा दिसतो. झीज सगळीकडे सारखी होत नाही. जो भाग सर्वांत उंच, तो आधी जातो. पंचम जॉर्जचा रुपया भिंगाखाली धरला की प्रथम नजर भुवई, कान आणि मुकुटाच्या पट्ट्यावर जाते. मग झग्यावरच्या साखळीतल्या इवल्याशा हत्तीवर. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून आला. हत्तीचे पाय, कान, सोंड वेगवेगळे मोजता आले तर नाणे वरच्या प्रतीचे. नुसता उंचवटा उरला असेल तर विक्रेता ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन) म्हणो की ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन), भाव खालीच धरावा.

हाच नियम मराठेशाहीच्या चांदवडी किंवा अंकुशी रुपयाला लावला तर फसगत होते. हे रुपये हाताने ठोकलेले. ठसा मोठा, चकती लहान. त्यामुळे फारसी मजकुराचा काही भाग चकतीवर उमटतच नसे. जो उमटलाच नाही, तो झिजणार कुठून? अशा ठिकाणी उरलेल्या अक्षरांच्या कडा किती धारदार आहेत, ते पाहायचे. ठोका हलका पडला असेल तर तिथली चकती खडबडीत राहते. झिजलेली जागा मात्र गुळगुळीत आणि मंद चमकणारी असते. आकड्यांत प्रत सांगणारे अनेक जण नेमके इथेच चुकतात.

ते आकडे मुळात अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी बनले. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. पुढे ती चांदी-सोन्यालाही लागली आणि सीलबंद डबीत नाणे घालून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांनी ती जगभर नेली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्या जागी आपले कमी प्रतीचे सेंट ठेवणारा गृहस्थही हाच शेल्डन, हे नंतर उघडकीला आले. पारख पक्की होती म्हणायची!

घासण्याने बिघडते काय? ठसा जोराने बसतो तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेघा राहतात. नाणे दिव्याखाली तिरके फिरवले की त्या रेघांमुळे उजेडाची पट्टी गोल फिरताना दिसते. हीच मूळ चमक. चिंचेचे आम्ल आणि रांगोळीची भुकटी या रेघाच सपाट करतात. मागे राहतो एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांनी भरलेला पांढरा भगभगीतपणा. गेलेली चमक कोणत्याही उपायाने परतत नाही. उलट गंधकाच्या संपर्काने चढलेला करडा-निळसर थर खालच्या धातूचे रक्षण करत असतो, आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतो. दागिन्यासाठी जोडलेली कडी काढल्यावर राहिलेला डाखाचा डाग आणि सराफाने तपासताना मारलेली टाच यांनीही प्रत उतरते. टाचेबद्दल मात्र थोडी सबुरी असावी. ते नाणे कुणीतरी खरे मानून घेतल्याची ती खूण आहे.

नाणे खरे की खोटे, हे अर्थात प्रतीच्या आधी पाहायचे. फरशीवर आपटून खणखणीत की बद्द ते ऐकू नये, कड ठेचते. त्यापेक्षा पाण्याचा ग्लास बारीक काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला न टेकता पूर्ण बुडवावा. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचा तांब्या-पितळेचा तुकडा असेल तर आकडा १.३ किंवा त्याच्या वर जातो. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच असल्याने तो १.२२ च्या आसपास येतो, आणि १९४७ चा निकेलचा रुपया तर लोहचुंबकालाच चिकटतो. जुन्या कसाच्या चांदीचे शेवटचे साल १९३९. ते दुर्मीळ असल्यामुळे त्याच्या बनावट प्रती निघतात. शेवटच्या ९ भोवतीची जमीन कोरल्यासारखी दिसली तर सौदा तिथेच थांबवावा.

घरातले रुपये कडेला धरून हाताळावेत, पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नयेत. त्यांतून हिरवट चिकटा सुटतो. अमेरिकेतल्या लेकीला किंवा नातवाला आजीचा रुपया द्यायचा बेत असेल, तर आणखी एक गोष्ट आधी पाहावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. राणीछाप रुपये तर सगळेच या कायद्याखाली येतात.