भैय्या चौकातलं घर आणि मुरारजी पेठेतली गिरणी

सोलापुरात भैय्या चौक म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि ते योग्यच आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये पाच जणांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे युद्धातल्या जखमींवर उपचार करत असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि महापालिकेने त्यांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलं. मात्र वस्तीची थोरवी फक्त माणसांवरून ठरवणं अपुरं आहे. इथल्या धंद्यांनीही इतिहास घडवला आणि त्यात मुरारजी पेठेतल्या जुन्या मिलचा वाटा मोठा आहे.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि कापसाच्या या मुलखाला मुंबईची वाट मोकळी झाली. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि सोलापूर गिरणगाव बनत गेलं. १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले. गैरव्यवस्थापनाचं कारण देऊन केंद्र सरकारने १९५० मध्ये खास या एका कंपनीसाठी कायदा करून कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं; तीन विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. पण १९५३ मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात तोच कायदा मालमत्तेच्या हक्काविरुद्ध ठरला. पुढे १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने लोकहितासाठी ठरावीक मुदतीपुरतं व्यवस्थापन ताब्यात घेण्याला संरक्षण दिलं. कामगाराची रोजी आणि मालकाची मत्ता यांतला तोल देशाला सोलापूरच्या गिरणीमुळे तपासावा लागला.

कोणी म्हणेल, नफ्यासाठी काढलेल्या गिरणीचा गौरव कशाला? तिथला घाम आणि हाल विसरायचे का? उलट, ते विसरू नयेत म्हणूनच गिरणीची नोंद हवी. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांमधले कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे पुढारी होते. कामगारांना वगळून त्यांचं मोठेपण सांगताच येत नाही. दुसरा आक्षेप असा, की कोटणीसांना काही गिरणीने घडवलं नाही. खरं आहे, ते मुंबईत शिकले. म्हणूनच एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याला मोठं करू नये. गिरणीला तिच्या स्वतःच्या इतिहासासाठी फलक मिळावा. त्यावर मालकाचं नाव असावं, तसंच बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या कामगारांचा आणि त्या दोन खटल्यांचा उल्लेखही असावा. मग कायदा शिकणाऱ्या सोलापूरच्या मुलांना हा धडा आपल्याच गावात घडला, हे पुस्तक उघडण्याआधी कळेल.