दुधाळ शेळीची कास कशी पारखावी?

आठवड्याच्या बाजारात शेळी विकत घेणारा मनुष्य प्रथम रंग पाहतो, मग दात पाहतो, आणि कासेवरून नुसती नजर फिरवून सौदा पुरा करतो. भूमिहीन कुटुंबाने मजुरीतून शिल्लक टाकलेले पैसे अशा वेळी त्या एका नजरेवर अवलंबून असतात. शेळी दुधाची निघाली नाही तर करडे खुरटतात आणि घरच्या लेकरांच्या वाटीतही दूध पडत नाही.

शेळीची कास दोन भागांची असते व प्रत्येक भागास एक सड असतो. दूध वरच्या ग्रंथींत तयार होऊन सडाच्या वरील पोकळीत उतरते. गाईचे बहुतेक दूध पान्हा सुटेपर्यंत ग्रंथींतच अडून राहते. शेळीचे तसे नाही. दोन धारांमध्ये साठलेल्या दुधापैकी निम्म्याहून अधिक भाग ह्या पोकळीतच येऊन राहतो. म्हणून शेळीच्या कासेच्या आकारमानाचा तिच्या दुधाशी निकटचा संबंध आढळतो, आणि कास पारखण्याची विद्या शिकणे फायद्याचे ठरते.

परंतु मोठी कास म्हणजे पुष्कळ दूध, असे सरसकट समजू नये. काही शेळ्यांची कास मांसल असते. ती दिसते भरदार, पण तिच्यात दूध बेताचेच असते. ह्याची परीक्षा धार काढूनच होते. दुधाळ कास धारेनंतर रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते व तिच्या कातड्याला सुरकुत्या येतात. मांसल कास पूर्वी होती तशीच राहते. शिवाय बाजारात आणण्यापूर्वी धार न काढता व करडांना न पाजता कास तुंबविण्याची युक्ती विकणारे करतात. तेव्हा गिऱ्हाइकाने संकोच न करता आपल्यासमोर पूर्ण धार काढण्यास सांगावे. जो नकार देईल त्याची शेळी त्याच्याकडेच राहू द्यावी, हे बरे.

आकार कसा असावा? कास वर पोटाशी रुंद पसरलेली, मागच्या बाजूस उंचावर धरलेली आणि गोलसर असावी. तिचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या खाली जाऊ नये. कास पोटाशी धरून ठेवणारे बंध सैल पडले की ती लोंबू लागते. गोठ्यात बांधलेल्या शेळीस त्याचा त्रास कमी होतो. पण आपल्याकडील शेळ्या बाभळी-बोरींच्या रानातून चरतात. लोंबती कास काट्याने ओरखडते, चिखलशेणाने माखते, आणि मग दगडीचा रोग, म्हणजे कासदाह, जडण्यास वेळ लागत नाही. एका बाजूची कास दगडीने कायमची निकामी झाली तर उरलेल्या एका सडावर जुळी करडे पोसणे कठीण होते, आणि आपल्या उस्मानाबादी शेळीस तर जुळी वारंवार होतात.

दोन्ही सड सारख्या लांबीचे, किंचित पुढे व बाहेर झुकलेले असावेत. बाटलीसारखे फुगलेले सड नवजात करडाच्या तोंडात मावत नाहीत. मग ते चीक न मिळाल्याने दगावते. जादा सड असणारी शेळी पैदाशीस ठेवू नये. कास चाचपताना गाठ लागली, किंवा पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घेतल्यावर गुठळ्या दिसल्या, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पहिलारू शेळीस मात्र जरा सवलत द्यावी. तिची कास लहान असतेच. दूध साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढत जाते. तिच्या बाबतीत कासेच्या थोरपणापेक्षा तिची ठेवण आणि तिच्या आईची कास पाहावी.

बोकडाचा विचार बहुधा कोणी करीत नाही. त्याला कास नसली तरी मुलींच्या कासेचा निम्मा वारसा त्याच्याकडूनच येतो. चांगल्या दुधाच्या शेळीचे नर करडू दूध भरपूर मिळाल्याने लवकर वाढते, म्हणून त्याला भावही आधी येतो. ते खाटकाकडे जाते आणि मागे राहिलेल्या खुरट्या बोकडापासून गावातील शेळ्या फळतात. ग्रामकार्यकर्त्यांनी असे एखादे करडू हेरावे, त्याच्या आईचे दूध पंधरवड्यातून एकदा मापून वहीत टिपावे, आणि चार-पाच घरांनी मिळून ते पैदाशीसाठी राखावे. सख्ख्या नात्यातील शेळ्यांना तो लागू नये म्हणून दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करता येते.